सरड्याची धाव



जवाहर चौकात आपण दरवर्षी व्याख्यानमालेसाठी जमतो तेव्हा एक श्रोती कधीच चुकत नाही. तिला निमंत्रणपत्रिका लागत नाही, आणि खुर्ची तर नकोच. ती ट्यूबलाइटच्या पट्टीमागून डोके बाहेर काढते, वक्त्याने पाण्याचा पेला उचलला की एखादा पतंग गट्ट करते आणि आभारप्रदर्शनाआधी निघून जाते. आपण तिला पाल म्हणतो. शास्त्रात तिचे नाव हेमिडॅक्टायलस फ्लॅविव्हिरिडिस, म्हणजे पिवळ्या पोटाची घरपाल. अरबस्तानापासून बंगालपर्यंत माणसाच्या भिंतींवर तिचा संसार चाललेला आहे. घरे पाडली तरी तिचे काही अडत नाही. आपल्या तात्या टोपे नगरातली जुनी सरकारी घरे पाडून उंच इमारती उठल्या, आणि तिथल्या पाली नव्या जिन्यांत राहायला आल्या. तिच्या एका भाऊबंदाने तर जहाजांतल्या मालाबरोबर जगातली बहुतेक उष्ण बंदरे गाठली आहेत.

या लेखाचा विषय मात्र ती नाही. विषय आहे तिच्याच कुळातली एक पाल, जिला भिंत चढायची नसते, दिव्याजवळ यायचे नसते आणि आपल्या जागेपासून दूर कुठेही जायचे नसते. ती कोकणातल्या कातळावर, सुट्या दगडांखाली राहते. तिच्याबरोबर साताऱ्याच्या पठारावरचा एक सरडाही येईल.

आपल्या भाषेने या प्राण्यांना फारसे बरे वागवलेले नाही. मनात शंका आली की पाल चुकचुकते. पंचांगात पल्लीपतनाचे कोष्टक असते; पाल कोणत्या अवयवावर पडली म्हणजे काय फळ, हे त्यात छापलेले असते. रंग बदलणारा तो सरडा. आणि एखाद्याची मजल किती, हे हिणवून सांगायचे झाले की आपण म्हणतो, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. मी जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले, त्यामुळे ही म्हण मला वेगळीच ऐकू येते. म्हणीने सरड्याची टिंगल केली खरी, पण गोष्ट अगदी बरोबर सांगितली. प्रत्येक सरड्याला कुठे ना कुठे कुंपण असते. ते कशाचे आहे आणि त्याच्या आत किती जागा उरली आहे, एवढेच बघायचे.

सगळ्यांत ठळक कुंपण समुद्राचे, म्हणून आधी समुद्रातल्या एका बेटाची हकीकत सांगतो.

जावाच्या दक्षिणेला सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर, हिंदी महासागरात, ख्रिसमस नावाचे बेट आहे. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले, क्षेत्रफळ अवघे १३५ चौरस किलोमीटर. १८८७ साली 'इजेरिया' नावाचे ब्रिटिश जहाज तिथे गेले आणि त्यावरच्या जे. जे. लिस्टर यांनी तिथले प्राणी गोळा केले. त्यातल्या एका पालीला लिस्टर यांचे नाव मिळाले, निळ्या शेपटीच्या एका सापसुरळीला जहाजाचे. तिसरी एक सापसुरळी रानात राहणारी. या तिन्ही जाती जगात दुसरीकडे कुठेही नव्हत्या आणि बेटावर मात्र भरपूर होत्या.

१९८७ मध्ये या बेटावर एक परका साप आढळला. आपल्याकडच्या घरांत निघणाऱ्या कवड्या सापाचा हा जवळचा नातलग. बहुधा जहाजाच्या मालातून आला. कवड्या विषारी नसतो, माणसाला त्याची भीती नाही. तो खातो पाली आणि सापसुरळ्या. आपल्या पालीला साप म्हणजे काय हे हजारो पिढ्यांपासून ठाऊक आहे. बेटावरच्या सापसुरळीने रात्री दारात येणारा असा पाहुणा कधी पाहिलेला नव्हता. उंदीर, मांजरे, परक्या घोणी यांचाही हातभार लागला असेल, पण मोठा संशय या सापावरच आहे. वीस-पंचवीस वर्षांत तिन्ही जाती रानातून दिसेनाशा झाल्या. पाल आणि निळ्या शेपटीची सापसुरळी शेवटच्या क्षणी पकडून आणल्या गेल्या. त्या पिंजऱ्यांत वाढल्या आणि माणसाच्या देखभालीमुळे तगल्या. रानातल्या सापसुरळीचे नशीब तेवढेही नव्हते. हाती लागलेल्या शेवटच्या काही सगळ्या माद्या निघाल्या. त्यांतल्या शेवटचीचे नाव सांभाळणाऱ्यांनी गंप ठेवले होते. ती ३१ मे २०१४ रोजी मेली. एखादी प्राणिजात संपल्याची तारीख इतकी नेमकी सांगता यावी, असे फार क्वचित घडते.

रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६७ साली बेटांचे एक गणित मांडले. त्यांचे म्हणणे ढोबळपणे असे: बेट जितके लहान, तितक्या त्यावरच्या जाती लवकर नष्ट होतात; आणि मुख्य भूमीपासून ते जितके दूर, तितके नवे कोणी तिथे येण्याची शक्यता कमी. विचार साधा वाटतो, पण तो एकदा डोक्यात बसला की मनुष्य बेटे समुद्राबाहेरही शोधू लागतो. चार बाजूंनी शेत असलेली देवराई हे बेट. चहूकडे कोरडी जमीन असलेले तळे हे माशांचे बेट. आणि चहूकडे झाडी, घळी आणि बागा असलेला उघडा खडक हे दगडाखाली राहणाऱ्या पालीचे बेट.

आता कोकणात येऊ. सडा म्हटले की आपल्या भोपाळच्या घरांत अंगणातला सडा-रांगोळी आठवते. कोकणात सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे कातळाचे सपाट मैदान. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाखो वर्षे उष्णता आणि पाऊस यांत झिजला, त्यातले विरघळणारे सारे वाहून गेले आणि लोह व अ‍ॅल्युमिनियम यांचे कठीण कवच मागे राहिले. हाच जांभा. त्याचे कापून काढलेले ठोकळे म्हणजे चिरे, आणि त्या चिऱ्यांवर कोकणातली घरे उभी आहेत. एप्रिलच्या दुपारी या सड्यावर अनवाणी पाय टेकवत नाही. जूनमध्ये तोच सडा हिरवा होतो, खळग्यांत पाणी साचते, बेडूक ओरडू लागतात. श्रावण-भाद्रपदात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले कातळ झाकून टाकतात. दिवाळीनंतर गवत वाळते आणि पुन्हा काळा-तांबडा उघडा दगड. वर्षात दोन टोकांची हवामाने सोसणारी ही जागा आहे. तिथे जो टिकतो तो दुसरीकडे टिकतोच असे नाही.

१९६३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ग्रँडिसन आणि सोमण यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावची एक नवी पाल जगापुढे ठेवली. नाव हेमिडॅक्टायलस अल्बोफॅसिएटस, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांची. करंगळीएवढा जीव. दिवसा सुट्या दगडाखाली, रात्री बाहेर. आपल्या घरपालीसारखीच ही एका वेळी दोन अंडी घालते, पण भिंतीच्या फटीऐवजी तिला दगडाखालचा आडोसा लागतो. सगळा जीव त्या दगडात अडकलेला. वर कातळ तापलेला असतो तेव्हा त्या दगडाखाली हात घालून पाहा, गारवा लागतो. त्या गारव्यावर ती दिवस काढते. दगड फार लहान असेल तर तो पुरता तापतो, कातळात रुतलेला असेल तर आत शिरायला फट नसते. हवा तसा दगड हवा तिथे पडलेला असावा लागतो, आणि असे दगड कातळाच्या सड्यावरच मिळतात. घळीत उतरले की झाडी, ओल, पाचोळा. तिथे तिचे काम नाही. एका सड्यावरून समोरचा सडा डोळ्यांना दिसतो, पण मधली दरी तिच्यासाठी समुद्र आहे.

अशीच दुसरी पाल साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर सापडली. वरद गिरी आणि ॲरन बाउर यांनी २००८ मध्ये तिला हेमिडॅक्टायलस साताराएन्सिस असे नाव दिले. तीही जमिनीवरची, तीही दगडाखालची. दोघींनाही जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' ठरवले गेले आहे. कासच्या पठारावरून २०१४ साली आणखी एका जातीची नोंद झाली, दिवसा हिंडणाऱ्या चिमुकल्या पालींच्या कुळातली. तिला गिरी यांचेच नाव मिळाले आहे. सह्याद्रीतली पठारे एकेक करून तपासली जात आहेत आणि प्रत्येक बेटावर कोणी ना कोणी निघते आहे. ही सारी मंडळी आजवर होती तिथेच होती. आपण दगड उलटून पाहिला नव्हता, इतकेच.

चाळकेवाडीच्या त्याच पठारावर माझा सर्वांत लाडका प्राणी राहतो. एप्रिल-मेमध्ये, वळवाच्या आधी, सकाळी ऊन चढू लागले की नर सरडा एखाद्या उंच दगडावर येऊन बसतो, पुढचे पाय ताठ करतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो. निळा, काळा, नारिंगी. अंग मातकट, आणि त्यात हा रंग असा की पहिल्यांदा पाहणारा दचकतो. क्षणात पंखा मिटतो, पुन्हा उघडतो. समोरच्या दगडावरचा दुसरा नर त्याला तसेच उत्तर देतो. त्याचे नातलग मध्य प्रदेशाच्या माळरानांवरही आहेत, पण त्यांचा पंखा इतका भरजरी नसतो. या सरड्यांचा नव्याने अभ्यास होऊन २०१६ साली त्यांतल्या काहींसाठी एक स्वतंत्र प्रजाती मानली गेली. प्रजातीचे नाव काय ठेवले असेल? 'सरडा'. आपला मराठी सरडा. चाळकेवाडीच्या या देखण्याला सुपर्बा असे विशेषण लागले आणि पूर्ण नाव झाले सरडा सुपर्बा. साहित्य संस्थेच्या वाचकांना हे सांगताना मला जरा मिरवावेसे वाटते. लॅटिन आणि ग्रीक नावांच्या पंक्तीत आपला एक रांगडा शब्द मानाने जाऊन बसला आहे.

या पठारावर पवनचक्क्या आहेत. पठार उंच, वारा भरपूर, जमीन 'रिकामी'. जागा निवडणाऱ्याला दुसरे काय हवे? बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि नसलेला भाग यांची तुलना केली. २०१८ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी भरले. आणि सरडे? ते तिथे उलट जास्त निघाले. ऐकणारा म्हणेल, मग बरेच झाले की! पण ते सरडे वेगळे झाले होते. माणूस पार जवळ येईपर्यंत ते पळत नव्हते. भीतीच्या प्रसंगी रक्तात वाढणारे संप्रेरक त्यांच्यात कमी वाढत होते. गर्दी वाढल्याने अंगाने ते रोडावले होते, आणि नरांच्या गळ्यातले रंग फिके पडले होते. डोक्यावर ससाणा-घार नाही, म्हणून धास्ती नाही. धास्ती नाही, म्हणून संख्या वाढली. संख्या वाढली, म्हणून खाणे अपुरे. पाती फिरतात आकाशात आणि बदलतो दगडावर बसलेल्या सरड्याचा रंग.

पवनचक्की नकोच, असे मला म्हणायचे नाही. हा लेख मी पंख्याखाली बसून लिहितो आहे. माझी हरकत 'रिकामी' या शब्दाला आहे.

महाराष्ट्राच्या सातबाऱ्यात पिकाखाली न येणाऱ्या जमिनीसाठी एक शब्द आहे, पोटखराबा. शब्द मोठा चित्रदर्शी आहे. शेताच्या पोटातला खराब भाग, ज्यावर काही पिकत नाही आणि म्हणून सहसा आकारही नाही. महसूल ठरवायला तो शब्द ठीक होता. पण शब्द कागदावरून मनात उतरतात. केंद्र सरकारने देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, त्यात उघड्या खडकाची जमीन हाही पडीकचाच एक वर्ग आहे. जंगल तोडायचे तर परवानगी लागते, कोणीतरी ओरडते, झाडाला मिठी मारता येते. कातळाला मिठी कोण मारणार? चिरेखाण काढा, सुरुंग लावून खड्डे पाडा आणि बाहेरून माती आणून हापूसची कलमे लावा, रस्ता काढा, कारखाना आणा. कागदोपत्री पडीक जमीन 'विकसित' झाली. सुटे दगड तर फुकटचे, बागेभोवती गडगा घालायला उचलून न्यावेत. पालीच्या हिशेबात मात्र ते दगड म्हणजे वस्ती.

गंमत अशी की याच सड्यांवर आता जगाची नजर आहे, ती कातळशिल्पांमुळे. कशेळीचा प्रचंड हत्ती, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे इथल्या आकृती. कोकणातली ही खोदचित्रे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपल्या शेजारच्या भीमबेटकाची आठवण यावी. तिथले शैलाश्रय गुराख्यांना आधीपासून ठाऊक होते, पण १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी त्यांच्याकडे पाहिले आणि एरवी ओसाड गणलेल्या टेकडीचे मोल बदलले. कोरलेल्या हत्तीसाठी सडा राखला गेला तर त्याच्या पायाशी दगडाखाली बसलेली पालही राखली जाईल. तिचा स्वतंत्र विचार झाला तर अधिक बरे. भातखाचर पडीक असेल तिथे कलमे लावावीत, अखंड कातळ फोडू नये, सुटे दगड जागच्या जागी राहू द्यावेत. मागणी एवढीच आहे आणि अवघड मुळीच नाही. ख्रिसमस बेटावर कवड्या सापाला परत पाठवणे आता कोणाच्या हातात नाही. इथे सुरुंग लावायचा की नाही, हे अजून हातात आहे.

हातात आहे, असे म्हणताना माझा हात जरा कापतो. तेही सांगून टाकतो.

वडील सरकारी नोकरीनिमित्त भोपाळला आले, काका कोकणातच राहिले. वडिलोपार्जित जमिनीत भात-माड-पोफळीचा तुकडा खाली आणि सडा वर. वाटण्या कधी झाल्या नाहीत, सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे. काही वर्षांपूर्वी चुलतभावाचा फोन आला. "दादा, सडा चिरेखाणीला द्यायचाय. तुमची सही लागेल. तसाही नुसता पोटखराबा, तिथे काय पिकतंय?" मी सही करून पाठवली. माझ्या वाट्याच्या पैशांत इथल्या घराचे छत दुरुस्त झाले. पस्तीस वर्षे मुलांना अधिवास म्हणजे काय ते शिकवले होते, पण सही करताना त्यातले काहीच आठवले नाही. कागदावर 'पोटखराबा' असे लिहिलेले होते आणि मी ते वाचले.

तीन वर्षांनी गेलो तेव्हा तिथे चौकोनी खड्डा होता. यंत्राने कापलेल्या सरळ भिंती, तळाशी हिरवे पाणी. शेजारच्या सड्यावर एक तरुण अभ्यासक टॉर्च आणि वही घेऊन फिरत होता. त्याने मला एका दगडाजवळ बसवले, दगड स्वतःकडे कलवून उचलला, म्हणजे खाली साप-विंचू असेल तर तो समोर निघावा आणि पालीवर दगड आदळू नये. खाली ती होती. तपकिरी अंग, त्यावर फिकट पांढरे आडवे पट्टे, डोळे बटबटीत. दोन-तीन श्वास घेऊन ती दगडाच्या सावलीत सरकली. त्याने दगड होता तसा, त्याच बाजूने परत ठेवला आणि मगच वहीत लिहिले. मला म्हणाला, "काका, लोक दगड उलटतात आणि तसाच टाकून जातात. तिचं घर गेलं ना मग." आमच्या सड्यावर ती होती का, असे मी त्याला विचारले. त्याने खड्ड्याकडे पाहिले आणि मान हलवली. होकार की नकार, ते मला समजले नाही.

खाणीपलीकडे आमचा थोडा सडा अजून शिल्लक आहे. यंदा संक्रांतीला पुन्हा फोन आला. तिथे कलमे लावायची आहेत, सुरुंगवाला ठरला आहे, सही हवी. मी अजून पाठवलेली नाही. चुलतभाऊ रागावला आहे आणि त्याचा राग मला अन्यायाचा वाटत नाही. जमीन त्याने सांभाळली, मी भोपाळला बसून पालीची काळजी करतो. बरेच बोलणे झाले. शेवटी तो म्हणाला, "बरं, मे महिन्यात या. दोघे मिळून दगड बघू. असली तुमची पाल, तर कलमं खालच्या खाचरात लावू."

तिकीट काढले आहे.